मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाला इंदूरहून पहिल्यांदाच जातोय, कविता लिहितो. काय तयारी करू?

तीन-चार कविता पाठ करून जा. कविसंमेलनात आयत्या वेळी नाव पुकारतात. वही चाळत बसलात की सूत्रसंचालक पुढच्या कवीला बोलावून मोकळा! माझं अगदी तसंच झालं होतं.

अख्खं हस्तलिखित कुणाच्या गळ्यात मारू नका. जेवणाच्या रांगेत संपादक मोकळेपणी बोलतात. तिथं पत्ता घ्या आणि कविता घरी आल्यावर पाठवा.

थोडं वाचूनही जा. फादर स्टीफन्सचं १६१६चं ‘क्रिस्तपुराण’ हे काव्य, १८४२पासूनचं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक, बाबा पदमनजींची १८५७ची ‘यमुनापर्यटन’ कादंबरी, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी, लेखिका लक्ष्मीबाई यांचे उल्लेख भाषणांत घरच्या माणसांसारखे येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२०मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणजे हा कोपऱ्यातला प्रवाह नव्हे.

कुणी ‘जय ख्रिस्त’ म्हणालं तर तसंच उत्तर द्या. आपल्या इंदुरी मराठीत हिंदी डोकावते, त्याची लाज नको; मला तर दोघांनी मुद्दाम बोलतं केलं.

संमेलन नाशिककडे असेल तर एबी रोडनं (आग्रा-मुंबई रस्त्यानं) धुळ्यावरून रात्रीची बस बरी. सोबत शेवेची दोन पाकिटं ठेवा, ओळखी पटापट होतात.