बाराशे रुपयांचा जुना झेनिट घ्यावा का? मीटर सोडा, पडदा बघा

तुम्ही विचारलंय की धुळ्याच्या जुन्या बाजारात एक रशियन झेनिट-ई हा फिल्मचा कॅमेरा बाराशे रुपयांना मिळतोय, वरचं कातडं सुटलंय, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मेलाय, तर घ्यावा का आणि तो चालतो हे कसं ओळखायचं.

पडदा, म्हणजे फिल्मसमोर उघडून मिटणारं शटर, शाबूत असेल तर डोळे झाकून घ्या. कातड्याला फेव्हिकॉल पुरतो आणि मीटरवाचून आपलं काहीही अडत नाही. पडदा मात्र दुकानात उभ्या-उभ्याच तपासायचा, घरी नेऊन नाही.

मी अमळनेरचा. माझाही झेनिट-ईच आहे. इथला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्याच्या सामानात मिळाला. हा कॅमेरा १९६५ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनायचा. लेन्ससकट वजन किलोभर. त्यात बॅटरी लागतच नाही, खटका पूर्ण यांत्रिक आहे. मीटर सेलेनियमचा, उजेडावर चालणारा, आणि इतक्या वर्षांत तो थकतोच. काटा हलत असता तरी मी त्याच्यावर विसंबलो नसतो.

आता पडद्याचं. लेन्स आट्यांची असते, डावीकडे फिरवली की निघते. मागचं दार उघडा, फिल्म सरकवायचा लिव्हर ओढा आणि मगच स्पीड, म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहणार ते, लावा. झेनिट-ईत हा क्रम पाळायचा, आधी स्पीड बदलायचा नाही. खटका दाबताना वरची स्पीडची चकती स्वतः फिरते, तिच्यावर बोट ठेवू नका. पहिल्यांदा ३० वर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागावर, आभाळाकडे धरून दाबा. मागून बघताना पूर्ण चौकट उजळून मिटली पाहिजे. मग ६०, १२५, २५०, ५००. पडदा अर्ध्यात अडकला किंवा दाबल्यावर फट उघडीच राहिली, तर कॅमेरा तिथेच ठेवा आणि दुसरं दुकान बघा. शेवटी फोनचा टॉर्च लेन्सच्या भोकातून मारा, आरसा कडेला धरून हलकेच वर उचला (काचेला बोट लावू नका) आणि मागून पडद्याचं कापड बघा. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी चमकतं. तसं छिद्र प्रत्येक फोटोत एकाच जागी पांढरा ठिपका सोडतं.

लेन्समध्येही टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर चालेल, मधोमध असेल तर भाव निम्मा करायला सांगा. थोडी धूळ असेल तर तिची काळजी करू नका.

आमच्या गल्लीत एक जुने फोटोग्राफर आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. माझा कॅमेरा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरला, सगळे स्पीड एकेकदा वाजवून ऐकले आणि म्हणाले, "पडदा थकेल शे, पन मरेल नही." (पडदा थकलाय, पण मेलेला नाही.) रोज संध्याकाळी रिकामाच पन्नास वेळा वाजवत जा, असं सांगितलं. मी आठवडाभर तसं केलं. सुरुवातीला खटका ओढल्यासारखा वाजायचा, नंतर आवाज मोकळा झाला.

तरी माझा पहिला रोल पूर्ण वाया गेला. फिल्मची जीभ गुंडाळणाऱ्या रिळात नीट अडकलीच नव्हती. आकडा पुढे सरकत होता, मी छत्तीस फोटो काढले आणि निगेटिव्ह कोरी आली. त्यात बोरी नदीच्या पात्रातल्या सखाराम महाराजांच्या यात्रेचे फोटो होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे नीट वाचा. रोल घातल्यावर डावीकडची उलट गुंडाळायची गुंडी वर काढा, हलक्या हाताने फिरवून फिल्मचा ढिलेपणा घालवा आणि मग लिव्हर ओढा. ती गुंडी आपोआप फिरली तर फिल्म सरकतेय. फिरली नाही तर दार उघडून परत लावा. फोटोंचा आकडाही शून्यावर हातानेच आणावा लागतो.

मीटरशिवाय कसं भागतं? आपल्याकडच्या उन्हावर. स्वच्छ ऊन असेल तर लेन्सचं छिद्र १६ वर ठेवायचं (आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) आणि स्पीड फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याच्या, जवळचा. २०० ची फिल्म असेल तर २५०, १०० ची असेल तर १२५. खानदेशात फेब्रुवारीपासून मेपर्यंत सकाळी दहा ते दुपारी चार हे गणित क्वचितच चुकतं, आभाळात ढगच नसतो. पातळ ढग आले तर ११ किंवा ८, पूर्ण ढगाळ असेल तर ५.६, भिंतीच्या सावलीत ४. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत शिरलात तर पानांखालच्या कवडशांना भुलू नका, चेहरा सावलीत असेल तर ४ च लावा. झेनिटसोबत सहसा येणाऱ्या लेन्सला छिद्राच्या दोन कड्या असतात, एकीने आकडा ठरवायचा आणि दुसरीने छिद्र उघडायचं-मिटायचं. फोकस उघड्या छिद्रावर करा आणि दाबण्याआधी मिटा. विसरलात तर १६ ऐवजी २ वर फोटो निघतो, म्हणजे सहा स्टॉप जास्त उजेड (दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो).

पहिला रोल चाचणीचाच समजा. वहीत प्रत्येक फोटोचा क्रमांक, स्पीड आणि छिद्र लिहा. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिहिलं होतं. बहिणी माहेरी आल्या होत्या, अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता. तोच झोका मी पाचही स्पीडवर काढला. धुऊन आल्यावर कळलं की ५०० वर चौकटीची उजवी बाजू जवळपास पाव भाग काळी आहे, २५० वर कड जराशी अंधारलेली, १२५ पासून खाली सगळं स्वच्छ. पडद्याचे दोन भाग सारख्या वेगाने धावत नाहीत, त्यांच्यातली फट वाटेत अरुंद होते. जुन्या कापडी पडद्यांचा हा नेहमीचा आजार आहे. तेव्हापासून मी १०० ची फिल्म घेतो आणि उन्हात १२५ च्या वर जात नाही.

१२५ वर झोका हललेला येईल अशी भीती होती. पण झोका वरच्या टोकाला पोचला की क्षणभर थांबतो. तिथे दाबलेल्या फोटोत मोठ्या बहिणीच्या हातातल्या बांगड्या मोजता येतात. खाली येताना काढलेल्यात नुसता पदराचा पट्टा आहे. आता मी टोकाचीच वाट बघतो.

रंगीत फोटोंच्या कडेला लालसर-नारिंगी पट्टा आला तर दारातून उजेड शिरतोय. वायरमनची काळी टेप दाराच्या फटीवर लावा, काम होतं.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. अमळनेरात आता रंगीत रोल कोणी धुऊन देत नाही, मी कुरिअरने पुण्याला पाठवतो. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून जवळपास कॅमेऱ्याइतकेच पैसे जातात, आणि तेही दर रोलला. म्हणून महिन्याला एकच रोल.

कृष्णधवल घरी धुता येतो, पण आपल्याकडे उन्हाळ्यात एक अडचण असते. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, साधारण २० अंशांवर वापरायचा असतो आणि एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी हाताला चटका देतं. मी माठातलं पाणी वापरतो. कोरड्या हवेत माठ छान गार होतो, मला २४-२५ अंश मिळतं. डेव्हलपरच्या पाकिटावर त्या तापमानाची वेळ दिलेली असते, ती कमी असते. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं ठेवा. गारातून एकदम गरम पाण्यात गेली तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. आणि भरलेला रोल गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, रंग बिघडतात.

धुळ्याला जाताना फोन चार्ज करून न्या, टॉर्च बराच वेळ लागेल. दुकानदार घाई करत असेल तर त्याला सांगा, पडदा बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.