पोहणाऱ्या पोरांची जिओकॅश लपवताना

अरे भाऊ, पोरांच्या पोहण्याच्या टीमसाठी जिओकॅश, म्हणजे जीपीएसवरून शोधायचा लपवलेला डबा, लावतोयस, झकास! पण पोहण्याच्या तलावाच्या आवारात नको. तिकीट काढून आत जावं लागलं तर शोधणारा वैतागतो, आणि पोहणाऱ्या पोरांजवळ मोबाईल घेऊन घुटमळणारा अनोळखी माणूस कुणालाच आवडत नाही. बाहेरची जागा बघ, परवानगी घे. दुसऱ्या कॅशपासून १६१ मीटर अंतर हवं. जळगावात त्याची अडचण येईलसं वाटत नाही!

डबा पारदर्शक, घट्ट झाकणाचा घे. आपल्याकडे पाइपचे तुकडे ढिगानं मिळतात, पण दोन्ही टोकं बंद केलेला पाइप दिसला की लोक बॉम्ब समजून पोलिसांना बोलावतात. वर मराठीत ‘हा खेळ आहे’ असं लिही. पुरायचा नाही, खाऊ ठेवायचा नाही. मे महिन्यात स्वस्त प्लॅस्टिक तडकतं, म्हणून सावलीतच ठेव. शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या वहीला पेन्सिल दे, पेनाची शाई वाळते.

कोडं हवं असेल तर पोहण्यातूनच काढ. वैयक्तिक मेडलेत (एकानंच चारही प्रकार पोहायची शर्यत) सुरुवात बटरफ्लायनं होते, मेडले रिलेत मात्र बॅकस्ट्रोकनं, कारण तो पाण्यातूनच सुरू करावा लागतो. या क्रमांवरून अक्षांशाचे आकडे बनव. पोरांनाच बनवू दे, ती जास्त खट्याळ असतात. त्यांची नावं, फोटो मात्र टाकू नकोस.