डोंगर कापून सपाट जागा, की उताराबरोबर उतरणारं घर?

नमस्कार. डिचोलीजवळचा तुमचा प्लॉट २० मीटरात ४ मीटर उतरतो. डोंगर कापून सपाट जागा करायची आणि त्यावर १,८०० चौरस फुटांचं घर बांधायचं, ठेकेदाराचं कोटेशन ५८ लाख. हाती एफडीचे २४ लाख, ३५ लाखांचं कर्ज काढायची तयारी. मुलगी नववीत, पीपीएफ तिच्या शिक्षणासाठी. ‘पैसे पुरतील ना?’ असं तुम्ही विचारलंय.

या नकाशाला पुरणार नाहीत. कोटेशनमध्ये मागची संरक्षक भिंत आणि पाण्याची गटारं कुठेच नाहीत. आपल्या पावसात भिंत मातीच्या भारापेक्षा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने ढासळते. म्हणून भिंतीला पाणी झिरपायची भोकं, मागे खडीचा थर आणि वरून येणारं पाणी वळवणारं गटार हवंच. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) थराखाली चिकणमाती लागली तर पायाही खोल जातो. हे ७-८ लाख अर्ध्या बांधकामात उभे राहतील आणि तेव्हा हात पीपीएफकडेच जाईल. तेवढं होऊ देऊ नका.

परवानगीचंही बघा. १ः१० पेक्षा तीव्र उताराची जमीन गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ मध्ये येते. मुख्य नगर नियोजकांच्या मंजुरीशिवाय ती कापता येत नाही. तुमचा उतार १ः५ आहे.

मी तुमच्या जागी असतो तर १,३०० फुटांचं, उताराबरोबर उतरणारं घर बांधलं असतं. ४-४ मीटरचे पट्टे पाडले की दर पट्ट्याला ८० सेंटीमीटरचा फरक, म्हणजे १६ सेंटीमीटरच्या पाच पायऱ्या. सासूबाईंची खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर रस्त्याच्या पातळीवर ठेवा, त्यांना पायरी चढायला लागू नये. तुमच्याच दराने हे सुमारे ४२ लाख. पाया, लहान भिंती, गटारांसाठी ६ लाख वेगळे धरा. एफडीतले १८ आणि ३० लाखांचं कर्ज. साडेआठ टक्के व्याज, १५ वर्षं धरली तर हप्ता साधारण २९,५००. ३५ लाखांवर तोच ३४,५०० झाला असता. दोघांच्या ९५,००० पगारात हा फरक मोठा आहे. शिवाय एफडीत ६ लाख उरतात, पीपीएफला हात लागत नाही.

बँक पैसे टप्प्याटप्प्याने देते आणि तोवर फोंड्याचं भाडंही चालू राहणार, तेव्हा काम लांबलं की दोन्हीकडून झळ. पावसाळा सरल्यावर खोदाई सुरू करा, मे संपायच्या आत भिंती आणि गटारं पुरी. कापलेला डोंगर उघडा ठेवून जून गाठू नका. आणि नवीन करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, ती हिशेबात धरू नका.

आधी माती परीक्षण करून घ्या. मग इंजिनिअरकडून भिंती, गटारं वेगळ्या ओळीत लिहिलेलं एस्टिमेट मागा आणि तेच बँकेत द्या. त्यात जे नाही, त्याला कर्ज मिळणार नाही.