डिसेंबरात लातूरकडं मांजरा नदीकाठी लेकरांना घेऊन दोन दिवस काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून यायलाव, दोन दिवस आहेत, नदीकाठी बघण्यासारखं काय. खरं सांगू का, बघायचं म्हणाल तर लई काही नाही. औशाचा किल्ला बघा, जमलं तर निलंगा रोडला खरोसा लेण्या, झालं. मांजरा काय गोदावरीसारखी ऐसपैस नदी नाही, पाऊसकाळ बरा झाला अन् धनेगावचं धरण भरलं तरच शोभा, नाहीतर २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती.

पण तारीख तुमच्या हातात असंल तर तिकीट काढायच्या आधी कॅलेंडरात मार्गशीर्ष अमावस्या बघा. ती आमची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पूजा करून तिथंच जेवायचा शेतकऱ्यांचा सण. दरवर्षी डिसेंबरातच येईल असं पण नाही, २०२४ मधी ११ जानेवारीला झाली अन् परत ३० डिसेंबरला पण आली. लातूर, धाराशिव अन् पलीकडं बिदरकडं पण असते. त्या दिवशी शहरात दुकानं बंद, रस्ते रिकामे, हॉटेलात जेऊ म्हणून येऊ नका, उपाशी राहाल, कारण सगळं गाव रानात असतंय.

रानात कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा झाली की आंबील रानभर शिंपडतात अन् मग पंगत बसते. मेन आयटम भज्जी. त्यात तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, पालक, चिंच अन् घट्ट करायला बेसन, त्याच्यासोबत उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), बाजरीची भाकरी, गव्हाची खीर. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, माठातली गार. दोन ग्लास प्यायल्यावर झाडाखाली कधी डोळा लागतो कळतच नाही. पण हे सगळं करायला घरच्या बाया रात्रभर जागलेल्या असतात, त्यामुळं आडवं व्हायच्या आधी पंगतीची भांडी उचलायला हात लावा, पाहुणे म्हणून नुसतं बसू नका.

ओळख नाही म्हणून लाजू नका, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायची पद्धत आहे. तरी पुण्यात लातूरची माणसं काय कमी आहेत का, ऑफिसात विचारा, एखादा तरी घेऊन जाईलच. लेकरांना बोरीखाली सोडून द्या. सकाळी लवकर गेलात तर हरभऱ्याचे शेंडे खुडून तोंडात टाका, पानावर आंब, म्हणजे आंबट खार असतो, बोटं पण चाटावी वाटतात. काळ्या रानात चालायचंय, ओल असली तर पांढऱ्या बुटांची आशा सोडा.

हुरड्याचं सगळे विचारतात म्हणून सांगतो, डिसेंबरात पाट्या लावून हुरडा पार्टी विकायलेत त्याच्या नादी शक्यतो लागू नका. आमच्याकडची रब्बीची ज्वारी तेव्हा बहुतेक ठिकाणी नुसती पोटऱ्यात (कणीस पानाच्या आतच) नाहीतर फुलोऱ्यात असते, दाणा दुधात यायलाच जानेवारी उजाडतो. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसून, गरम गरम हातावर चोळून शेंगदाण्याच्या चटणीसंगं खायचा असंल तर संक्रांतीच्या आसपास वेगळं या.

अन् येळवस जमतच असंल तर एक दिवस आधी या. आदल्या दिवशी माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते, लातूर-नांदेड रोडलाच आहे, लोहा तालुक्यात. घोडे, उंट, गाढवं सगळ्याचा बाजार भरतो, लेकरं जाम खूश होतील. फक्त गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा अन् जेवण आधीच उरकून घ्या, गर्दी लई असते.