इतके महिने बोललो, आता सोडायचं कसं?

"आठ महिने झाले बोलायलोत आम्ही, मॅडम. आता सोडलं तर सगळं वायाच की." परभणीची २९ वर्षांची मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). डेटिंग ॲपवर भेटलेला मुलगा पुण्यात नोकरीला. रोज रात्री चॅटिंग, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. घरात आई स्थळं बघतेय आणि ही प्रत्येकाला नकार देतेय. अशी घालमेल घेऊन मुलंही माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

मी तिला कागदावर दोन रकाने पाडायला सांगितले : तो काय म्हणाला आणि मी काय धरून चालले. त्याने लिहिलं होतं, "गाव भारीच असतं." तिने धरलं, लग्नानंतर तो इकडे यायला तयार आहे. तुळजापूरला आईसोबत काढलेला त्याचा फोटो होता. त्यावरून तो निर्व्यसनी, जबाबदार, घर धरून राहणारा ठरला. व्यसनाचा विषय त्यांच्यात कधी निघालाच नव्हता! डावीकडे जेमतेम चार ओळी झाल्या, उजवा रकाना पानामागे गेला.

यात ती भोळी होती असं मुळीच नाही. एक गुण आवडला की बाकीचेही चांगलेच दिसू लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये हे लष्करी अधिकाऱ्यांच्या बाबतीत दाखवलं होतं. हाताखालच्या माणसाच्या शरीरयष्टीला चांगले गुण देणारे अधिकारी त्याच्या बुद्धीला नि स्वभावालाही चांगलेच गुण देत होते. चॅटिंगमध्ये तर समोरचा विचार करून, निवडून लिहितो आणि उरलेल्या जागा आपण आपल्या आवडीने भरतो.

राहिला प्रश्न आठ महिन्यांचा. तिच्या घरी सोयाबीन असतं. मी विचारलं, "पाऊस ओढला, बी उगवलं नाही, तर बाबा काय करतात?" "दुबार पेरतात." "बियाण्याचे पैसे गेले म्हणून तेच रान राखत बसत नाहीत ना?" ती बराच वेळ बोलली नाही. गेलेला वेळ सोडून दे. आज ओळख झाली असती तर एवढ्याच माहितीवर तू आईने आणलेली स्थळं नाकारली असतीस का, एवढंच मला तिच्याकडून हवं होतं. "नसती," ती म्हणाली.

मग भेटायचं ठरलं. परभणीत नको, तासाभरात घरी कळतं. म्हणून छत्रपती संभाजीनगरला, भर दुपारी, वर्दळीच्या हॉटेलात, मैत्रीण पलीकडच्या टेबलावर. पहिल्या भेटीला एवढी काळजी घ्यावीच.

मुलगा आला. सरळ होता. पुणे सोडणार नाही, हे त्याने पहिल्याच प्रश्नाला स्पष्ट सांगितलं. त्याला आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं. तिला नोकरी सोडायची नव्हती, तिनेही ते सांगितलं. पुढचे काही आठवडे तिला जड गेले, रडलीही. ॲप तिने काढून टाकलेलं नाही. मात्र आता कुठे राहायचं, हे ती पहिल्याच आठवड्यात विचारते आणि महिन्याच्या आत भेटायला बोलावते. आईने आणलेल्या स्थळांनाही तेच विचारते.