पक्षी, किल्ले, ताम्रपट : कुठलं पुस्तक आधी घेऊ?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच सुरातली आहेत. कादंबरी नको, खरं काहीतरी वाचायचंय, पण दुकानात गेलं की गोंधळ होतो. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून चार घेतलीत, आणि पहिली दोन जरा लांबणार आहेत कारण त्यात सांगण्यासारखं खूप आहे.

ऐरोलीहून एक आई लिहितात : मुलगा दहा वर्षांचा आहे, खाडीवर फ्लेमिंगो बघून आला तेव्हापासून पक्ष्यांचं वेड लागलंय. त्याला पक्ष्यांचा मोठा एनसायक्लोपीडिया आणून दिला, चांगला जाडजूड, रंगीत, पण त्यातला एकही पक्षी आमच्याकडे दिसत नाही. आता तो पुस्तक उघडतही नाही. दुसरं कुठलं घेऊ?

ताई, मुलाचा उत्साह गेलेला नाहीये, पुस्तकच चुकीच्या देशाचं आलंय. जगभरच्या पक्ष्यांचं पुस्तक शोकेसमध्ये छान दिसतं, पण दहा वर्षांच्या पोराला खिडकीतून जो तांबट टुकटुक करताना दिसतो तो त्यात सापडला नाही तर तो कशाला परत उघडेल? त्याला आपल्याकडच्या पक्ष्यांचं पुस्तक द्या. सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये पहिल्यांदा आलं आणि अजूनही मी पहिलं पुस्तक म्हणून तेच सांगते, कारण त्यांनी आकार सांगायची जी पद्धत वापरलीय ती पोरांना लगेच कळते. सेंटिमीटर कोण मोजणार झाडाखाली उभं राहून, त्यापेक्षा चिमणीएवढा, बुलबुलापेक्षा मोठा, साळुंकीएवढा, घारीपेक्षा लहान असं म्हटलं की अर्धे पक्षी तिथेच गळतात आणि शोध सोपा होतो. एक मात्र लक्षात ठेवा, जुनी आवृत्ती हाताला लागली तर त्यातली काही इंग्रजी नावं आता बदललीत. आपला सोनपाठी सुतार तिथे 'लेसर गोल्डन-बॅक्ड वुडपेकर' म्हणून सापडेल आणि नव्या पुस्तकांत 'ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक' म्हणून. पक्षी तोच आहे, मुलाला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो रडवेला होईल.

पुढे दोनेक वर्षांनी वेड टिकलं तर ग्रिमेट आणि इन्स्किप यांचं भारतीय उपखंडाचं फील्ड गाईड घ्या, आत्ताच नको. त्यात शेकडो पक्षी एकासारखे एक आहेत आणि मोठी माणसंसुद्धा त्यातल्या वटवट्यांच्या पानावर अडकतात. पुस्तकं मुंबईत फोर्टला बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, हॉर्नबिल हाऊसमध्ये मिळतात, मुलाला सोबत घेऊन जा, ती संस्था १८८३ पासून हेच काम करतेय.

आणि मराठी नावं शिकवाच. खंड्या, वेडा राघू, भारद्वाज, हळद्या, सातभाई, दयाळ, ही नावं नुसती म्हटली तरी पक्षी डोळ्यासमोर येतो, सात-आठच्या टोळीने कलकलाट करत फिरणाऱ्याला सातभाईच म्हणणार ना! मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' घरात असू द्या, रोज रात्री तुम्हीच त्याला दोन पानं वाचून दाखवा. आयुष्यभर वनखात्यात काम केलेल्या माणसाने जंगलात राहून लिहिलंय, हा फरक पोरांनाही कळतो.

आता फ्लेमिंगो. तुम्ही ऐरोलीत राहता म्हणजे भाग्यवान आहात, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि ते तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. मुलाला पुढच्या वेळी एकच काम द्या, फक्त चोच बघायची. मोठ्या रोहितची (रोहित म्हणजे आपला फ्लेमिंगोच) चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहान रोहितची सगळीच गडद लालसर, लांबून काळीच वाटते. एवढं ओळखता आलं की तो घरी येऊन आपणहून पुस्तक उघडेल बघा. वेळेसाठी आपल्या कोळी लोकांचा हिशोब वापरा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी बारा. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, ते धरून चला. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा थवे खायला पसरतात, आणि भरतीला तेच पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळांवर येऊन उभे राहतात, म्हणून त्या पाणथळ जागा राहिल्या पाहिजेत हे मी जिथे संधी मिळेल तिथे लिहिते आणि इथेही लिहितेय. कॅलेंडरमधली तिथी बघून भरती काढायची हे मुलाला एकदा जमलं ना, की भूगोलाचा तो धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

नौपाड्यातून एक काका : बँकेतून रिटायर झालो. ठाण्यात जन्म गेला पण ठाण्याचा इतिहास धड माहीत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी फॉरवर्ड येतं, कुठलं खरं ते समजत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर वाचल्यात, तेवढ्यावर इतिहास समजला असं म्हणता येईल का?

काका, नाही म्हणता येणार, आणि हे मी कादंबऱ्यांवर प्रेम असूनही म्हणतेय. कादंबरीतला संवाद लेखकाने रचलेला असतो, तो त्याचा हक्कच आहे, पण तोच संवाद पुढे फॉरवर्डमध्ये "महाराज म्हणाले" म्हणून फिरतो तिथे घोळ होतो. इतिहासाचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की एकच प्रश्न विचारायचा, याला हे कुठून कळलं? कागद पाहिला का, शिलालेख वाचला का, की आधीच्या कोणाचं बघून लिहिलं?

बखरींचंच बघा. सभासदाची बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली, म्हणजे शिवाजी महाराज जाऊन वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि लिहिणारा त्यांच्या पदरी काम केलेला. चिटणीसांची बखर त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन्ही बखरीच, पण दोघींचं वजन सारखं कसं असेल! इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, बावीस खंड, ते एवढ्याचसाठी की बोलायच्या आधी कागद समोर असावा.

आता ठाण्यापुरतं. तुम्ही नौपाड्यात राहता, मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या पायाखाली आहे, १८९३ ची संस्था, सभासद नसाल तर या आठवड्यात व्हा. तिथे जाऊन जुन्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरमधलं, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथांमधलं, ठाणे जिल्ह्याचं मागा, १८८२ चं आहे, तेराव्या खंडाचे दोन भाग आणि चौदावा खंड स्थळांचा. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्यांची पानं जड जाणार नाहीत, मीठ किती पिकायचं, बंदरात काय उतरायचं, कुठल्या जातीची घरं किती, सगळं नोंदवलंय. तेव्हा साष्टी म्हणजे वांद्रे-कुर्ला-बोरिवली सुद्धा ठाण्यात आणि पनवेल-उरणही ठाण्यातच, त्यामुळे नकाशा शेजारी ठेवूनच वाचा. आणि हे साहेबाने राज्य चालवायला लिहिलंय हे डोक्यात ठेवा, लोकांबद्दलची त्याची मतं मतं म्हणूनच घ्यायची, शेतसाऱ्याचे आकडे मात्र उपयोगी आहेत.

शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक असं येतं. त्यासाठी वा. वि. मिराशींचं 'शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख' हे पुस्तक वाचा, जरा कठीण आहे, पण प्रत्येक लेखाचा मूळ पाठ दिलेला असल्यामुळे "कुठून कळलं" याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ मध्ये खोदकाम करताना अरिकेसरी राजाचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७. हा किल्ला म्हणजे आत्ताचं सेंट्रल जेल. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला, आणि आपण रोज त्याच्या भिंतीजवळून जातो. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर मी मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले होते, आत जाता येत नाही, तरी उभी राहिले.

रेल्वेची आवड असेल तर गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' मिळवा, १८६३ चं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, आणि हा माणूस त्यानंतर दहाच वर्षांत लिहितोय, म्हणजे त्याच्यासाठी आगगाडी ही नवलाई आहे. ते नवल त्याच्या मराठीत दिसतं.

अजून एक, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडला, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलंय. घेताना आवृत्ती बघून घ्या. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं त्यात त्यांचा हात बराच फिरलेला होता, मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये संपादन केलं. प्रस्तावना न वाचता पुढे जाऊ नका, कुठल्या पाठावरून छापलंय ते तिथेच लिहिलेलं असतं.

खारघरहून एक कॉलेजकुमार : आमचा पाच जणांचा ट्रेकिंग ग्रुप आहे. फोनवर सगळे रूट मिळतात, मग गाईडबुक कशाला पाहिजे असं मित्र म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

अरे, दोन्ही पाहिजे आणि दोन्हीवर डोळे मिटून विश्वास नको. हरीश कापडियांचं 'ट्रेक द सह्याद्रीज' घे, आनंद पाळंद्यांचं 'डोंगरयात्रा' घे, त्यातून कुठला डोंगर कुठल्या रांगेत, घाटवाट कुठे उतरते, शेजारी काय आहे हे कळतं, फोन तुला फक्त एक निळी रेघ दाखवतो. पण छापील पुस्तकातली बस, मुक्कामाची जागा आणि पाण्याची टाकी यावर विसंबून निघायचं नाही. इर्शाळगडाची जुनी वर्णनं काढून बघ, वाट इर्शाळवाडीतून जाते असं दिलंय, वाडीत विचारून पुढे जा असं. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती वाडी दरडीखाली गेली. तिथली माणसं गेली. पुस्तकात ती वाडी अजून तशीच आहे. म्हणून निघायच्या आधी पायथ्याच्या गावात कोणाला तरी फोन कर, आणि पावसाळ्यात गावकरी नको म्हणाले तर परत फिर, वाद घालू नकोस.

सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारी नकाशे वाचायला शिका, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, समोच्च रेषा जवळजवळ आल्या की कडा. पाच जणांत एकाला तरी हे आलंच पाहिजे. पहिला सराव कर्णाळ्याला करा, जवळ आहे, वाट सरळ आहे, अभयारण्य आहे म्हणून पक्षीही दिसतील. अंगठ्याच्या सुळक्यापाशी आग्या मोहोळ असतात तिथे अत्तर-डिओ लावून जायचं नाही आणि आवाज तर अजिबात नाही.

आणि गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गभ्रमणगाथा' वाच. रूट कळावा म्हणून नाही सांगत. एकाच गडावर पुन्हा पुन्हा जाऊन माणूस काय बघतो ते त्यात आहे, तुम्ही लोक एका रविवारी दोन किल्ले उरकता ना, म्हणून सांगितलं.

कळव्याहून एक ताई : पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते. यंदा खिडकीतून पाणी आलं आणि फुलपाखरांचं एक महागडं पुस्तक भिजलं, पानं चिकटलीत. वाचेल का?

पूर्ण वाळलं असेल तर अवघड आहे ताई, खोटं कशाला सांगू. अशा पुस्तकांचा कागद गुळगुळीत आर्ट पेपर असतो, तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना डिंक लावल्यासारखी धरतात. अजून ओलसर असेल तर आजच्या आज बसा, एकेक पान हळूच सुटं करा, मध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली उभं ठेवा, उन्हात नको, कडक उन्हात पानं वाकडी होतात. पुढच्या पावसाळ्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओल भिंतीतूनच येते. कसरीसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा, माझ्या आजीच्या पोथ्या त्यावरच टिकल्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी जास्त वाढते.

फुलपाखरांचं पुस्तक आयझॅक किहिमकरांचं असेल तर परत घ्यायलाही हरकत नाही, वसूल होतं. तोपर्यंत गॅलरीत कढीपत्त्याची नाहीतर लिंबाची कुंडी ठेवा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असते, मोठी झाली की हिरवी होते आणि हात लावला तर डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो त्यांना. कढीपत्ता थोडा कमी मिळेल भाजीला. वेळ काढून एखाद्या रविवारी घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत जा, सकाळी ऊन आल्यावर, नऊच्या पुढे. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन तिथे दिसतं, हाताच्या तळव्याएवढं, काळं आणि मागच्या पंखांवर निळं.