इसब ‘दाबला’ म्हणून मुलीला दमा झाला, असे मला वीस वर्षे ऐकावे लागले आहे

तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचेत इसब आहे, पावसाळा लागला की शिंका आणि छातीत घरघर सुरू होते, आणि एका होमिओपॅथनी ‘मलम व पंप (इनहेलर) बंद करा, आपण ॲलर्जी मुळापासून काढू’ असे सांगितले आहे. त्यांचे ऐकावे का, असे तुम्ही विचारले आहे. गोळ्या द्यायच्याच असतील तर द्या, पण पंप बंद करू नका. उत्तर खरे म्हणजे एवढ्यातच संपते. परंतु ‘मलमाने रोग दाबला जातो आणि मग तो छातीत उतरतो, हे खरे का?’ हे तुमच्या प्रश्नाच्या शेवटचे वाक्य वाचल्यावर मला गप्प बसवेना, म्हणून हे सगळे लिहीत आहे.

माझे सासर कोल्हापुरात शुक्रवार पेठेतले. थोरले दीर सरकारी नोकरीत होते आणि होमिओपॅथी हा त्यांचा छंद होता. दर रविवारी सकाळी आमच्या सोप्यात माणसे बसलेली असत, आणि भाऊजी लाकडी पेटीतल्या बोटभर उंचीच्या बाटल्यांतून साबुदाण्यासारख्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देत. त्यांनी कधी कोणाकडून एक पैसा घेतला नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून ते कोणी भोंदू होते असा समज व्हायला नको.

माझी मुलगी १९९६ सालची. पाचव्या महिन्यात तिचे गाल सोलल्यासारखे लाल झाले, वर्षाची झाल्यावर कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचा ओलसर होऊन चिघळू लागल्या. भाऊजींनी प्रथम ग्राफायटिस दिले, मग सल्फर. सल्फरनंतर खाज भयंकर वाढली, तेव्हा ते आनंदाने म्हणाले, “औषध लागू पडतंय, आधी वाढणारच.” वाढले तरी औषधाचे यश आणि कमी झाले तरी औषधाचेच यश, असा हिशेब मी विज्ञानाची शिक्षिका असूनही सहा आठवडे मान्य केला, याची मला आजही लाज वाटते. अखेर एके दिवशी पोरीच्या दुपट्यावर रक्ताचे डाग पाहिले आणि कोणाला न विचारता तिला राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी सौम्य स्टेरॉईडचे मलम आणि दिवसातून तीनदा लावायला साधे पांढरे व्हॅसलिन दिले. आठवडाभरात ती रात्रभर झोपू लागली.

पाचव्या वर्षी तिला दमा निघाला, आणि घरात निकाल लागला. “ट्यूब लावून आतला रोग दाबलास, तो आता फुप्फुसात उतरला,” असे भाऊजी म्हणाले, सासूबाईंनी मान डोलावली, आणि त्यानंतर पोरगी नुसती खोकली तरी घरातले सगळे माझ्याकडे बघत.

हे ‘दाबणे’ कोठून आले, ते सांगते. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी १८२८ मध्ये असे मांडले की बहुतेक जुनाट रोगांच्या मुळाशी ‘सोरा’ म्हणजे दाबलेली खरूज असते. त्यांच्यानंतर कॉन्स्टंटाईन हेरिंग यांच्या नावाने एक नियम रूढ झाला, तो असा की रोग बरा होताना आतून बाहेर येतो, म्हणजे दमा जाऊन अंगावर पुरळ आले तर चांगले आणि उलट झाले तर वाईट. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते, हे १८३४ मध्ये पॅरिसमध्ये सर्वांसमोर दाखवण्यात आले, तेव्हा हानेमान हयात होते. सिद्धान्त मात्र तसाच राहिला.

आधी इसब, मग सर्दी-शिंका, मग दमा, हा क्रम मात्र खरा आहे, आणि गोंधळ नेमका येथेच होतो. डॉक्टर त्याला ‘ॲटॉपिक मार्च’ म्हणतात. मलमाचे तोंडही न पाहिलेल्या मुलांतही तो दिसतो. या मुलांच्या कातडीचा बांध मुळातच कच्चा असतो. हा बांध घट्ट ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातील दोषाचा इसबाशी, आणि इसबाबरोबर येणाऱ्या दम्याशीही, संबंध असल्याचे २००६ मध्ये दिसून आले. म्हणजे रोग कातडीवरून छातीत ‘उतरत’ नाही. एकाच मुळाच्या दोन फांद्या वेगवेगळ्या वयात फुटतात. माझ्या सासऱ्यांना दमा होता, नवऱ्याला सकाळी उठल्यावर वीस शिंका येत, आणि तरीही दोष ट्यूबचा ठरला.

आता एका रात्रीविषयी. २००५ च्या पुरात पंचगंगेचे पाणी आमच्या खालच्या खोल्यांत शिरले होते. पाणी ओसरल्यावर भिंती महिनोन् महिने ओल्या राहिल्या आणि कपाटामागे काळी बुरशी धरली. सप्टेंबरात एका रात्री बाराच्या सुमारास नऊ वर्षांची पोरगी धाप लागून उठून बसली. मध्यरात्रीनंतर वाढणारी धाप, जिवाची तगमग, घोट घोट पाणी मागणे, हे आर्सेनिकम अल्बम या होमिओपॅथिक औषधाचे अगदी पुस्तकातले चित्र, त्यामुळे भाऊजींनी पेटी उघडली आणि दर पंधरा मिनिटांनी चार गोळ्या सुरू केल्या. घरात पंप होता, पण ‘त्याची सवय लागते’ म्हणून तो वरच्या फळीवर ठेवलेला, आणि त्याची मुदत संपून गेलेली. अडीच वाजता तिला एक वाक्य सलग बोलता येईना आणि गळ्याखालची खळगी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली, तेव्हा मी शेजारच्या रिक्षावाल्याला उठवले. दवाखान्यात औषधाचा वाफारा आणि ऑक्सिजन मिळाल्यावर ती पहाटे झोपली. सकाळी भाऊजी डबा घेऊन आले आणि म्हणाले, “गोळ्यांनी धरून ठेवलं म्हणून वेळेत पोहोचलात.” मी त्यांना उत्तर दिले नाही, ते आज येथे देत आहे.

त्या बाटलीवर ‘३०’ लिहिलेले होते. त्याचा अर्थ, मूळ द्रव्य शंभरपट पातळ करण्याची कृती तीस वेळा केलेली, म्हणजे एकावर साठ शून्ये. मी नववीला ॲव्होगॅड्रोचा अंक, म्हणजे एक मोल द्रव्यात किती रेणू असतात ते, शिकवत असे; त्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू हाती लागण्याची शक्यता संपते. रंकाळा तलाव सोडाच, अख्ख्या पृथ्वीएवढ्या पाण्याच्या गोळ्यात एक थेंब टाकला तरी तो ‘३०’ इतका पातळ होणार नाही.

यावर ‘पण अनुभव?’ असे विचारले जाते, आणि तो प्रश्न योग्य आहे. १९८६ मध्ये ग्लासगोचे डॉ. रायली यांनी परागज्वराच्या, म्हणजे परागांच्या ॲलर्जीने शिंका येणाऱ्या, रुग्णांना गवताच्या परागांचे ‘३०’ दिले आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळ्यांपेक्षा गुण जास्त दिसला; भाऊजींच्या बाजूने हा प्रयोग मी प्रामाणिकपणे मांडते. परंतु २००२ मध्ये धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या २४२ दमेकऱ्यांवर त्याच धर्तीचा मोठा प्रयोग झाला, तेव्हा फरक आढळला नाही. ‘प्रत्येकाची प्रकृती पाहून दिले तरच लागू पडते’ हा आक्षेपही तपासला गेला: २००३ मध्ये दम्याच्या ९६ मुलांना प्रत्येकी स्वतंत्र औषध निवडून देण्यात आले, तेही नेहमीच्या उपचारांच्या जोडीने, आणि त्यातूनही जास्तीचा लाभ दिसला नाही.

मग लोकांना गुण येतो तो कसा? अंगावर उठणारे पित्त बहुधा काही दिवसांत, फार तर सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. इसब बऱ्याच मुलांत वय वाढेल तसा निवळतो. शिवाय माणूस औषधाला जातो तो त्रास शिगेला पोहोचल्यावरच, आणि शिगेनंतर उतारच असतो.

तुमच्या मुलाचे म्हणाल तर मलम किती लावायचे हे डॉक्टरांकडून शिकून घ्या: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मेडिकलवाल्याने हाती दिलेली जहाल ट्यूब मात्र मनाने लावू नका. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्ये उगाच केलेला नाही. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, सवय वगैरे लागत नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. गादी-उशा उन्हात टाका, ओल्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, आणि जोतिबाच्या यात्रेत गुलाल उधळतात तेव्हा त्याला लांबूनच चांगभलं म्हणू द्या. कोणी बिननावाच्या पुड्या दिल्या तर आत काय आहे ते लिहून मागा. ओठ-जीभ सुजली किंवा बोलताना दम लागला, तर कोणत्याही पॅथीचा विचार न करता थेट मोठे रुग्णालय गाठा.

मी डॉक्टर नाही, आणि माझा अनुभव एका घरातला आहे. काही होमिओपॅथ पंप चालू ठेवूनच औषध देतात, तासभर बसून ऐकून घेतात, आणि त्या ऐकण्यानेच आईचा अर्धा जीव खाली पडतो, हेही मी पाहिले आहे; तुमचे डॉक्टर तसे असते तर मी इतके लिहिले नसते.

मुलीला आता स्वतःची मुलगी आहे, आणि तिच्याही गालांवर तोच लालपणा आहे. गेल्या दिवाळीत ती बाळाला मलम लावत असताना भाऊजी काठी टेकत आले, थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “दाबू नकोस हं.” मुलगी हसली. मला हसता आले नाही.